ड्रायव्हरला कोर्टाची भाषा कळत नाही: ड्रंक अँड ड्राइव्हच्या केसमध्ये हा मुद्दा कुठे चालतो आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुर्ल्यात टेम्पोचा धंदा करणाऱ्या एका मालकांचा ड्रायव्हर मूळचा ओडिशाचा. रात्री नाकाबंदीत गाडी थांबवली, मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा ५८ आला. लायसन्स जमा करून घेतलं, मराठीतल्या कागदांवर सह्या घेतल्या आणि कोर्टाची तारीख दिली. ड्रायव्हरला उडिया येतं, हिंदी कामापुरती येते, मराठी वाचता येत नाही. कोर्टाबाहेर कोणीतरी सांगितलं, ‘कबूल करायचं, दंड भरायचा, अर्ध्या तासात मोकळा.’ मालक विचारतात, भाषा कळत नव्हती म्हणून केस उडेल का? आणि कबूल करावं का?

पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: बहुतेक वेळा उडत नाही. मशीन आकडा दाखवताना समोरच्याची भाषा बघत नाही. चाचणी नीट झाली असेल आणि आकडा ५८ असेल, तर ‘मला मराठी येत नाही’ एवढ्यावर कोणताही मॅजिस्ट्रेट सोडणार नाही, आणि सोडूही नये. पण भाषेचा मुद्दा निरुपयोगी आहे असंही नाही. तो तीन ठिकाणी खरोखर चालतो: चाचणी ‘नाकारली’ अशी नोंद झाली असेल तेव्हा, अटकेचं कारण सांगण्याच्या वेळी, आणि सगळ्यात जास्त कबुलीच्या वेळी. तुमची खरी अडचण केस उडवण्याची नाही. तुमचा माणूस काय कबूल करतोय हे त्याला कळलेलं नसताना ‘हां साब’ म्हणून बसेल, ही आहे.

आधी कायद्याचा आकडा नक्की करून घेऊ. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कोर्टाबाहेरचा माणूस जे सांगत नाही ते कलम २० मध्ये आहे: १८५ खाली दोषी ठरला की कोर्टाने त्याला किमान सहा महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवायचंच असतं. दहा हजार मालक भरतील, पण सहा महिने टेम्पो चालवता येणार नाही. गावाकडे पैसे पाठवणाऱ्या ड्रायव्हरसाठी खरी शिक्षा ती आहे. कबूल करण्याआधी हे त्याला कळायलाच हवं.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. अपघात झाला आहे का? कोणी जखमी असेल तर भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात आणि खाली लिहिलेल्यापैकी बरंच बदलतं. तेव्हा हे वाचत बसू नका, वकील गाठा. पहिलाच गुन्हा आहे का? फक्त श्वासाची चाचणी झाली की रक्तही घेतलं? चाचणी झाली, की ‘सहकार्य केलं नाही’ असं लिहिलंय? आणि त्याला हिंदी नक्की किती येते? ही माहिती नसताना कोणी छातीठोक सल्ला देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

हिंदीबद्दल थोडं सविस्तर, कारण मुंबईत सगळं घोडं इथेच अडतं. इथे सगळ्यांनाच हिंदी येते असं धरून चालतात. भाडं ठरवायला, पत्ता विचारायला, हमालाशी बोलायला लागणारी हिंदी या ड्रायव्हरला येते. पण ‘तुम्हाला बचाव करायचा आहे का’, ‘रक्ताचा नमुना द्यायला संमती आहे का’ ही वाक्यं त्या हिंदीत बसत नाहीत. त्याला विचारलं ‘समझा क्या?’ तर तो हो म्हणणार, कारण खाकी वर्दीसमोर नाही म्हणायची त्याची छाती नाही. मी पक्षकाराची भाषा तपासताना ‘कळलं का’ असं कधीच विचारत नाही. ‘आता मी काय सांगितलं ते तुझ्या शब्दांत सांग’ असं म्हणतो. पाच मिनिटांत खरं काय ते कळतं. तुम्हीही हे घरी करून बघा. त्याला उत्तम हिंदी येत असेल तर हा मुद्दा सोडून द्या. येत असलेली भाषा येत नाही असं कोर्टात सांगणं खोटेपणा आहे, दोन प्रश्नांत उघडं पडतं, आणि मग त्याच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

नाकाबंदीच्या ठिकाणी काय झालं ते आता बघा. मशीनमध्ये नवी नळी लावून न थांबता काही सेकंद जोरात फुंकावं लागतं. श्वास मध्येच तुटला, ओठ नळीवर नीट बसले नाहीत किंवा माणसाने फुंकण्याऐवजी हवा आत ओढली, तर मशीन नमुना अपुरा दाखवतं. सूचना न कळलेला माणूस नेमकं हेच करतो. दोन-तीनदा असं झालं की ‘चाचणीस नकार’ असा शेरा पडू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०५ प्रमाणे श्वासाचा किंवा रक्ताचा नमुना द्यायला नकार दिला किंवा दिला नाही, तर ती गोष्ट सरकारी पुराव्याला बळ देणारी मानता येते. पण त्याच कलमात ‘योग्य कारण दाखवलं नाही तर’ अशी अट आहे. सूचना न कळणं हे योग्य कारण होऊ शकतं. म्हणून कागदावर आकड्याऐवजी नकाराची नोंद असेल, तर भाषा हा तुमच्या बचावाचा कणा आहे. आकडा ५८ छापून आला असेल, तर या टप्प्यावर भाषेचा उपयोग फारसा नाही. तिथे स्लिपवरची वेळ, मशीनचा क्रमांक, नाव आणि गाडी नंबर बरोबर आहे का, मशीनच्या कॅलिब्रेशनचा (ते अचूक आकडा दाखवतं का याच्या तपासणीचा) दाखला आहे का, हे तपासायचं. नुकतीच अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळ भरलेली असेल किंवा शेवटचा घोट पाच मिनिटांपूर्वीचा असेल तर तोंडातल्या अल्कोहोलमुळे आकडा फुगतो. म्हणून फुंकण्याआधी पंधरा मिनिटं थांबायला हवं.

दवाखान्यात नेलं असेल तर डॉक्टरांच्या कागदाची प्रत जरूर मिळवा. त्यात तोंडाला येणारा वास, बाहुल्या, चाल, बोलणं, वेळ-काळाचं भान अशा नोंदी असतात. ‘बोलणं अडखळत’ आणि ‘प्रश्नांना असंबद्ध उत्तरं’ या दोन नोंदी परक्या भाषेत प्रश्न विचारल्यामुळेही होऊ शकतात. शुद्धीतला माणूससुद्धा न कळलेल्या प्रश्नाला अडखळतच उत्तर देतो. कोणत्या भाषेत विचारलं याची नोंद त्या फॉर्मवर बहुधा नसते, आणि उलटतपासणीत नेमकं तेच विचारायचं असतं. महाराष्ट्रातल्याच एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये म्हटलं होतं की वास, डगमगती चाल, अडखळतं बोलणं आणि मोठ्या झालेल्या बाहुल्या, एवढ्यावरून दारू प्यायल्याचा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. रक्त-लघवीची तपासणी नव्हती. फक्त डॉक्टरांच्या निरीक्षणावर केस उभी असेल तर हा निकाल हाताशी ठेवा. रक्त घेऊन कालिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवलं असेल, तर तो अहवाल येईपर्यंत कबुलीची घाई करण्याचं कारण नाही.

अटकेबद्दल दोन गोष्टी. कलम १८५ साठी वॉरंटशिवाय अटक करता येते, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे अटकेपासून दोन तासांच्या आत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं. म्हणून अटकेची वेळ आणि डॉक्टरांच्या कागदावरची वेळ शेजारी ठेवून बघा. दुसरी गोष्ट म्हणजे अटकेचं कारण. संविधानाच्या कलम २२ मध्ये आणि फौजदारी कामकाज कसं चालवायचं ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७ मध्ये ते सांगण्याचं बंधन आहेच. वरळीच्या २०२४ च्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२५ चा निकाल आला. त्यात स्पष्ट म्हटलंय की कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची. लगेच लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगायची, पण रिमांडसाठी (पुढच्या कोठडीसाठी मॅजिस्ट्रेटसमोर) हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी प्रत हातात पडली पाहिजे. तुमच्या ड्रायव्हरला त्याच रात्री जामिनावर सोडलं असेल तर रिमांडचा प्रश्नच आला नाही. शिवाय अटकेत चूक निघाली तर अटक बेकायदा ठरते, गुन्ह्याचा खटला पुसला जात नाही. लोक इथे फार गल्लत करतात.

आता मुख्य भाग, कोर्टातली तारीख. ड्रंक अँड ड्राइव्हची केस ई-चलनासारखी मोबाइलवर दंड भरून मिटत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. त्या दिवशी बोर्डावर (कोर्टाच्या त्या दिवसाच्या यादीत) अशा केसेस रांगेने असतात. नाव पुकारतात, माणूस पुढे होतो, ‘दारू पिऊन गाडी चालवली, कबूल आहे?’ असा प्रश्न येतो आणि काही सेकंदांत पुढचं नाव. या काही सेकंदांत कायद्याला दोन गोष्टी अपेक्षित आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७४ प्रमाणे गुन्ह्याचा तपशील आरोपीला सांगायचा आणि गुन्हा कबूल आहे की बचाव करायचा आहे हे विचारायचं. कलम २७५ प्रमाणे कबुली दिली तर ती शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवायची. त्यावरून दोषी ठरवायचं की नाही हे मॅजिस्ट्रेटने विवेकाने ठरवायचं. तपशील न कळलेल्या भाषेत सांगितला, तर तो सांगितला असं म्हणता येत नाही. कबुली त्याच्या शब्दांत नोंदवायची, तर तो कोणत्या भाषेत बोलला हे महत्त्वाचं ठरतं.

याचा प्रत्यक्ष परिणाम बघा. तुमचा ड्रायव्हर विचारल्यावर म्हणेल, ‘जेवताना घेतली होती थोडी, गाडी फक्त गोदामापर्यंत न्यायची होती.’ ही गुन्ह्याची कबुली नाही. दारू घेतल्याचं त्याने मान्य केलंय, ३० मिलिग्रॅमच्या वर असताना गाडी चालवल्याचं नाही. किती प्यायल्यावर ३० ओलांडतात हे वजन, जेवण, वेळ आणि पेगच्या मापावर ठरतं, प्यायलेल्याला ते सांगता येत नाही. नीट भाषांतर झालं तर मॅजिस्ट्रेट हे ऐकून ‘कबूल नाही’ अशीच नोंद करतील. भाषांतर झालं नाही, तर मागे उभा असलेला कोणीतरी ‘कबूल आहे साहेब’ म्हणून सांगतो आणि विषय संपतो. संपतो म्हणजे खरोखरच संपतो: कबुलीवरून शिक्षा झाली की त्याच संहितेच्या कलम ४१६ प्रमाणे फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यापुरतंच अपील करता येतं. ‘मी गुन्हा केलाच नव्हता’ हे अपिलात मांडता येत नाही.

म्हणजे कबूल करूच नये का? तसं माझं म्हणणं नाही. स्लिप स्वच्छ आहे, आकडा ५८ आहे, पहिला गुन्हा आहे, अपघात नाही, अशी स्थिती असेल तर समजून-उमजून कबूल करणं हा अनेकदा शहाणपणाचा मार्ग असतो. पण मग कबुलीबरोबर शिक्षेबद्दलचं म्हणणंही मांडायचं: पहिलीच वेळ, कोणाला इजा नाही, घर त्याच्या कमाईवर चालतं, कैद न देता दंड करावा आणि अपात्रता किमान मुदतीइतकीच ठेवावी. हे म्हणणं लेखी द्या. तोंडी बोललेलं गर्दीत हरवतं.

भाषेची अडचण खरी असेल तर पहिल्याच तारखेला, नाव पुकारण्याआधी, बेंच क्लार्ककडे (मॅजिस्ट्रेटसमोर बसणाऱ्या कारकुनाकडे) अर्ज द्या. दुय्यम कोर्टांची भाषा महाराष्ट्रात मराठी आहे, मुंबईत इंग्रजीही सर्रास चालते. अर्ज दोन्हीपैकी कशातही करा. मजकूर एवढाच पुरतो: ‘आरोपीची मातृभाषा उडिया आहे. तो हिंदी कामापुरती बोलतो, परंतु कायदेशीर कामकाजाची हिंदी त्याला समजत नाही. मराठी व इंग्रजी त्याला समजत नाही. सबब गुन्ह्याचा तपशील त्यास उडियातून समजावून सांगण्यात यावा व भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३१४ प्रमाणे साक्षीपुरावा त्यास समजेल अशा भाषेत सांगण्यासाठी दुभाष्याची व्यवस्था व्हावी, ही विनंती.’ खाली ड्रायव्हरची सही उडियातच घ्या. सहीची लिपी हा छोटासा का होईना, पुरावा असतो. अर्जावर काय आदेश झाला ते रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) आलंय का हे दुपारनंतर तपासा.

कोर्ट म्हणेल, उडियाचा दुभाषी आणायचा कुठून? उत्तर तयार ठेवूनच जा. दुभाषी पोलीस नको, मालक नको, त्याच केसमधला साक्षीदार किंवा गाडीत बसलेला मित्र तर नकोच. दोन्ही भाषा नीट येणारा, केसशी संबंध नसलेला माणूस हवा. मुंबईत उडिया मंडळं आहेत, बँकांमध्ये आणि कॉलेजांमध्ये उडिया माणसं आहेत, सापडतात. त्याला कोर्टात शपथ दिली जाते आणि खरं भाषांतर करण्याचं कायदेशीर बंधन त्याच्यावर असतं. प्रत्यक्ष येणं जमत नसेल तर व्हिडिओवरून बसवण्याची विनंती करता येते, कारण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने कामकाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवायला वाट दिली आहे. वकील परवडत नसेल तर कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीत असलेल्याला मोफत वकील उत्पन्न न बघता मिळतो.

दुभाष्याला आधी पंधरा मिनिटं बाजूला घेऊन तीन गोष्टी सांगा. सारांश करायचा नाही, वाक्याला वाक्य. ‘तो म्हणतो की’ असं न म्हणता ‘मी’ म्हणूनच बोलायचं. आणि ड्रायव्हरला सल्ला द्यायचा नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त मोडली जाते. चांगल्या मनाने, मदत म्हणूनच, दुभाषी हळूच सांगतो, ‘हो म्हण, सुटशील.’

खटला चालला तर वाहतूक पोलीस मराठीत साक्ष देतील. कलम ३१४ सांगतं की आरोपी हजर असेल आणि साक्ष त्याला न समजणाऱ्या भाषेत होत असेल, तर खुल्या कोर्टात त्याला समजेल अशा भाषेत ती सांगितली पाहिजे. वकिलाला मराठी येतं म्हणून आरोपीचा हा हक्क जात नाही. पण इथेच एक खाच आहे. मद्रासहून आलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये म्हटलं की असं भाषांतर झालं नाही ही अनियमितता आहे; त्यामुळे आरोपीचं नुकसान झालं असं दिसलं नाही तर खटला रद्द होत नाही. त्या आरोपीला वकील होते आणि खटला चालू असताना कोणी हरकतच घेतली नव्हती. अर्थ सरळ आहे: हरकत त्या क्षणी घ्या, लेखी घ्या, आणि न कळल्यामुळे नेमकं काय बिघडलं ते लिहा. ‘साक्षीदार क्र. १ यांनी सूचना हिंदीत दिल्याचं सांगितलं, ते आरोपीला न कळल्याने त्याला वकिलास माहिती देता आली नाही’, इतकं नेमकं. शिक्षा झाल्यावर आठवलेली भाषेची तक्रार कोर्टाला पश्चातबुद्धी वाटते.

पोलिसांच्या उलटतपासणीत विचारायचे प्रश्न साधे आहेत. फुंकण्याची सूचना कोणत्या भाषेत दिली? किती वेळा फुंकायला लावलं, प्रत्येक वेळी मशीनने काय दाखवलं? नवी नळी त्याच्यासमोर काढली का? आकडा त्याला दाखवला का? सही घेतलेला मजकूर वाचून कोणी दाखवला, आणि कोणत्या भाषेत? कागदाखाली ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ असं छापील वाक्य असतं. वाचून दाखवणाऱ्याचं नाव आहे का तेवढं बघा.

निकालानंतरही भाषेचा हक्क संपत नाही. निकालाचा सारांश आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला समजेल अशा भाषेत सांगायचा असतो, आणि आरोपीने मागितलं तर शक्य असल्यास त्याच्या भाषेत निकालाचं भाषांतर देण्याची तरतूद कलम ४०४ मध्ये आहे. निकालाच्या नकलेचा (प्रतीचा) अर्ज त्याच दिवशी टाका. सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस मिळतात, रिव्हिजनला (वरच्या कोर्टाने निकाल पुन्हा तपासावा या अर्जाला) ९०. आधीच न कळता कबुली देऊन झाली असेल, तर रिव्हिजन हाच रस्ता उरतो, आणि त्यात रोजनाम्याची प्रत, कबुली कोणत्या शब्दांत नोंदली आहे ते पान आणि त्या दिवशी दुभाषी नव्हता हे दाखवणारं प्रतिज्ञापत्र लागेल.

हेच सगळं आपल्या मराठी ड्रायव्हरलाही लागू आहे, तो सुरतेत किंवा हुबळीत पकडला गेला तर. तिथे त्याने मराठी दुभाषी मागायचा.